सहलीच्या आठवड्यातली सूर्यघडी: प्रकल्प नोंदी

ठिकाण: सातारा (१७.७° उत्तर, ७४.०° पूर्व), शाळेची गच्ची आणि प्रयोगशाळा
कालावधी: १५ ते २० डिसेंबर २०२५
गट: नववीची सहल राजस्थानला गेली आहे. शाळेत राहिलेले नऊ विद्यार्थी आणि विज्ञानाचे शिक्षक.

या आठवड्यात नवा धडा शिकवला जात नाही. पहिल्या दोन तासिका तिन्ही तुकड्यांच्या एकत्र उजळणीच्या, पुढचा वेळ मोकळा. सावलीच्या कामाला हेच वेळापत्रक हवं असतं. सकाळी दहाची खूण आणि दुपारी तीनची खूण यांची जोडी लावायची असेल, तर पस्तीस मिनिटांच्या तासिकेत काहीच होत नाही.

सहलीचा गट गुरुवारी जयपूरला असेल. तिथल्या जंतरमंतरमध्ये नाडीवलय यंत्र आहे. दोन तबकड्या, एक उत्तरेकडे तोंड करून, दुसरी दक्षिणेकडे. आपण इथे बनवणार आहोत ती त्याचीच लहान आवृत्ती. शिवाय गुरुवारी दोन्ही ठिकाणी मध्यान्हाची सावली मोजून त्यावरून पृथ्वीचा परीघ काढायचं ठरलं आहे. त्यासाठी सहलीच्या गटासोबत भोक पाडलेलं पोस्टकार्ड, ओळंबा आणि ४० सेंमीची पट्टी पाठवली आहे.

सोमवार, १५ डिसेंबर: खरी उत्तर

जागा आधी पाहिली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सर्वांत खाली असतो, म्हणून दक्षिणेचं झाड किंवा भिंत आज आडवी आली नाही तर वर्षभर येणार नाही. उत्तरेची बाजू मात्र विसरायची नाही. साताऱ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हाला तो उत्तरेकडे असतो. पाण्याची टाकी गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात आहे, त्यामुळे मधली जागा निवडली.

होकायंत्रावर विसंबलो नाही. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाच्या आतलाच फरक असतो, पण स्लॅबमधल्या सळया आणि कठड्याचा लोखंडी पाइप सुई ओढतात. गच्चीवर दोन पावलं सरकलं की सुई चार-पाच अंश फिरत होती. म्हणून जुनी समान सावलीची रीत घेतली. पूर्वी यासाठी बारा अंगुळांचा शंकू (सावली पाहायचा खुंट) उभा करत.

मांडणी अशी: १२० × ९० सेंमीचा जुना फळा गच्चीवर आडवा ठेवून पाणसळीने दोन्ही दिशांना सपाट केला. प्रयोगशाळेतल्या रिटॉर्ट स्टँडच्या चिमट्यात पोस्टकार्ड आडवं धरलं, फळ्यापासून बरोबर ४० सेंमी वर. कार्डाला ४ मिमीचं भोक. भोकातून ओळंबा सोडून खाली केंद्रबिंदू काढला आणि त्याभोवती ४५, ५० आणि ५५ सेंमी त्रिज्येची वर्तुळं खडूने आखली. स्टँड केंद्राच्या दक्षिणेला, म्हणजे त्याची स्वतःची सावली खुणांच्या आड येत नाही.

आधी नुसत्या टोकदार सळईने करून पाहिलं होतं. सळईच्या टोकाची सावली अर्धा सेंमी धूसर पडते, टोक नेमकं कुठे हे तिघांनी तीन ठिकाणी दाखवलं. भोकातून पडणारा कवडसा मात्र गोल असतो, सुमारे १ सेंमी व्यासाचा, आणि त्याचा मध्य १ मिमीपर्यंत ओळखता येतो.

कवडसा वर्तुळ ओलांडतो त्या क्षणांच्या नोंदी:

५५ सेंमी: सकाळी १०:०५, दुपारी २:५३
५० सेंमी: सकाळी १०:२३, दुपारी २:३५
४५ सेंमी: सकाळी १०:४४, दुपारी २:१४

प्रत्येक वर्तुळावरचे दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिचा मध्य केंद्राला जोडला की खरी उत्तर. ४५ आणि ५० ची उत्तर एकाच रेषेवर आली. ५५ चा मध्य ३ मिमी पूर्वेला गेला, म्हणजे साधारण ०.४ अंश. सकाळी दहाला धुरकट होतं आणि कवडसा फिकट होता, म्हणून ती जोडी सोडून दिली. या रीतीला घड्याळ लागतच नाही. वेळा फक्त पडताळ्यासाठी टिपल्या: तिन्ही जोड्यांचा मध्य १२:२९ येतो, म्हणजे आजचा खरा मध्यान्ह १२:२९ ला. त्या वेळी कवडसा केंद्रापासून ३४.७ सेंमीवर होता.

उत्तर रेषा फळ्यावरून दोरी ताणून गच्चीवर उतरवली, दोन्ही टोकांना काँक्रीटचे खिळे ठोकले.

मंगळवार, १६ डिसेंबर: तबकडी

आडवी सूर्यघडी का नाही, हा प्रश्न आज गणिताने सोडवला. बहुतेक पुस्तकांत चित्र आडव्या घडीचं असतं, पण ती युरोपच्या अक्षांशांना शोभते. आडव्या घडीत तासरेषेचा कोन काढायचं सूत्र: कोनाचा टॅन = अक्षांशाचा साइन × तासकोनाचा टॅन (तासकोन म्हणजे मध्यान्हापासून दर तासाला १५ अंश). साताऱ्याला अक्षांशाचा साइन ०.३०४. त्यावरून मध्यान्ह रेषेपासूनचे कोन:

१ तास: ४.७°
२ तास: १०.०°
३ तास: १६.९°
४ तास: २७.८°
५ तास: ४८.६°
६ तास: ९०°

म्हणजे शाळेच्या वेळेतले सगळे तास मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटतात आणि पाच ते सहा या एका तासाला ४१ अंश मिळतात. २० सेंमी त्रिज्येवर मध्यान्हाजवळचं एक मिनिट पाव मिलिमीटरचं होतं. ते वाचणार कसं? विषुववृत्ताला समांतर ठेवलेल्या तबकडीवर प्रत्येक तासाला सरळ १५ अंश, आणि एक मिनिट ०.८७ मिमी. दक्षिणेकडच्या राज्यांत तर हा फरक आणखी वाढेल.

साहित्य: १२ मिमीचं वॉटरप्रूफ प्लायवूड, ४४ सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच. खालचे १५ सेंमी पायात पकडण्यासाठी राखले. दोन्ही बाजूंना पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात. पहिल्या हातानंतर पॉलिश पेपर मारला नाही तर प्लायचे तंतू उभे राहतात आणि पेन्सिलची रेघ फाटते.

आखणी कोनमापकाने करायची नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं. फळ्यावरच्या लाकडी कंपासाने २० सेंमीचं वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने सहा भाग पाडले (६०°), ते दोनदा दुभागले (१५°). पडताळा: शेजारच्या दोन तासखुणांतली जीवा ५.२२ सेंमी यायला हवी. एक जागा ५.१ आली, ती पुन्हा आखली. मग तासाचे बारा भाग, प्रत्येकी पाच मिनिटं आणि ४.४ मिमी.

आता रेखांतर. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५° रेखांशाची आहे. सातारा ७४.०° वर. फरक ८.५°, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं. तबकडीवर सर्वांत खालच्या बिंदूला १२ न लिहिता १२:३४ धरले. १२ ची रेघ त्याच्या सकाळच्या बाजूला ८.५ अंश, जीवेने २.९६ सेंमी. मुंबईसाठी हाच फरक ३९ मिनिटांचा येतो. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत ठेवली, आणि दोन घड्याळांतलं अंतर तेवढंच, ३९ मिनिटांचं होतं.

अंक लिहिताना दिशा नीट पाहायची. दक्षिणेच्या तोंडावर (बघणाऱ्याचं तोंड उत्तरेकडे) सकाळ डावीकडे, दुपार उजवीकडे. म्हणजे तास घड्याळाच्या उलट्या दिशेने जातात. उत्तरेच्या तोंडावर सुलट. दोन्ही बाजूंचं कोष्टक एकाच कागदावरून कार्बनने उतरवलं तर एक बाजू चुकणार. खुणा प्लायच्या कडेवरून पलीकडे नेल्या तर आपोआप बरोबर येतात, कारण सकाळची रेघ दोन्ही बाजूंना पश्चिमेकडेच असते.

बुधवार, १७ डिसेंबर: काटा आणि पाया

काट्यासाठी, म्हणजे तबकडीच्या मधोमध उभ्या राहून सावली पाडणाऱ्या सळईसाठी, पहिला विचार सायकलच्या आऱ्याचा होता. २ मिमी जाडीचा, सरळ, सहज मिळणारा. पण सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाहून थोडा मोठा दिसतो. त्यामुळे कोणत्याही वस्तूची गडद सावली तिच्या जाडीच्या सुमारे १०८ पट अंतरावर संपते. आऱ्यासाठी ते अंतर २१.६ सेंमी. तबकडीच्या कडेवर नेमकी पोहोचेपर्यंत सावली विरून जाते. चाचणीत तसंच झालं. मग ४ मिमीचा वेल्डिंग रॉड घेतला, वरचं आवरण हातोडीने हलके ठोकून काढलं, कानस आणि पॉलिश पेपरने साफ केला, काचेवर घरंगळवून सरळपणा तपासला. त्याची कडेवरची सावली मध्यभागी २ मिमी गडद राहते.

लांबी २१.२ सेंमी: दोन्ही बाजूंना १० आणि मध्ये प्लायची जाडी. या दिवसांत सूर्याची क्रांती (विषुववृत्ताच्या पातळीपासूनचा कोन, दक्षिणेकडे उणे) सुमारे −२३.४° आहे, त्यामुळे १० सेंमी काट्याची सावली २३ सेंमी पडते आणि २० च्या वर्तुळाबाहेर जाते. ९ सेंमीपेक्षा आखूड काटा डिसेंबर आणि जूनमध्ये कमी पडेल.

हाताने पाडलेलं भोक तिरकं जातंच. ४.५ मिमीचं भोक पाडून दोन्ही तोंडांना वॉशर आणि एम-सील लावलं. ते ओलं असतानाच काटा गुण्याने दोन दिशांनी काटकोनात आणला. याहून चांगला पडताळा पट्टीचा: काट्याच्या टोकापासून वर्तुळावरच्या वर-खाली-डावी-उजवी या चार बिंदूंपर्यंतची अंतरं सारखी हवीत, २२.४ सेंमी. पहिल्यांदा २२.१ आणि २२.६ आली. दाबून चारही २२.३ ते २२.४ मध्ये आणली आणि सुकेपर्यंत हात लावला नाही.

पायाची पहिली रचना चुकीची होती. तबकडीला दोन्ही कडांना त्रिकोणी आधार लावून पाहिले. ऊन तबकडीला जेमतेम २३ अंशांनी चाटून जातं, त्यामुळे कडेच्या आधारांची सावली सकाळी अर्धं वर्तुळ झाकत होती. आता आधार फक्त वर्तुळाच्या खाली, १५ सेंमी उंचीचे. तबकडीचं वरचं टोक दक्षिणेकडे झुकतं, लंबापासून १७.७ अंश. टॅन ०.३२, म्हणजे ५० सेंमीला १६ सेंमी. वरच्या कडेवरून ओळंबा सोडून हे माप लावलं आणि स्क्रू घट्ट केले.

गुरुवार, १८ डिसेंबर: पहिली वाचनं, आणि जयपूर

घडी गच्चीवर उत्तर रेषेवर बसवली. घड्याळ म्हणून मोबाइलची आपोआप जुळणारी वेळ धरली. वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, ते या कामाला चालणार नाही.

वेलांतर, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला वर्षभर बदलणारा फरक, आज साडेतीन मिनिटांचं आहे: सूर्य घड्याळाच्या तेवढा पुढे. म्हणजे घडी योग्य असेल तर तिने मोबाइलपेक्षा ३.५ मिनिटं जास्त दाखवली पाहिजेत.

सकाळी १०:०० ला अपेक्षित १०:०३.५, वाचलं १०:०१.५
दुपारी १२:३० ला अपेक्षित १२:३३.५, वाचलं १२:३३.५
दुपारी ३:०० ला अपेक्षित ३:०३.५, वाचलं ३:०५.५

वाचताना सावलीच्या दोन्ही कडांचा मध्य भिंगाने घेतला, प्रत्येक वेळी तिघांची सरासरी. कडेचा धूसरपणा दोन मिनिटांइतका असतो. तो घडी मोठी करून जात नाही, कारण सूर्याला स्वतःच्या रुंदीइतकं सरकायला तेवढी मिनिटं लागतातच. जयपूरच्या सम्राट यंत्रावर, म्हणजे जंतरमंतरमधल्या २७ मीटर उंच सूर्यघडीवर, दोन सेकंदांपर्यंत खुणा आहेत, पण सावलीची कड तिथेही तितकीच मिनिटं धूसर असते. मोठ्या यंत्राचा फायदा मध्य नेमका पकडता येण्यात आहे.

आता चुकीचं स्वरूप. सगळीकडे सारखीच चूक असती तर तबकडी तिच्या पातळीत फिरलेली असती, किंवा रेखांतर चुकलं असतं. उत्तर रेषा एक अंश चुकली असती तर या दिवसांत मध्यान्हाला जवळजवळ तीन मिनिटांचा फरक दिसला असता. मध्यान्हाला शून्य, सकाळी मागे आणि दुपारी तेवढीच पुढे: हे काट्याच्या चढाचं लक्षण आहे. काटा हवा त्यापेक्षा वर उचलला गेला आहे, आणि दोन मिनिटं म्हणजे जवळजवळ दोन अंश. (उन्हाळ्यात याच चुकीची चिन्हं उलटी होतील, आणि मार्चमध्ये ती दिसणारच नाही. म्हणून घडीची परीक्षा डिसेंबरात किंवा जूनमध्ये घ्यावी.)

ओळंबा लावल्यावर कारणं दोन सापडली. काल ५० सेंमी हे अंतर ओळंब्याच्या दोरीवर मोजण्याऐवजी प्लायच्या तिरक्या पृष्ठावर मोजलं गेलं. त्याने कोन १७.७ ऐवजी १८.७ झाला. दुसरं कारण गच्चीचा उतार: पावसाचं पाणी जावं म्हणून ती दक्षिणेकडे उतरती आहे, ६० सेंमीत १ सेंमी, म्हणजे आणखी जवळजवळ एक अंश. सोमवारी फळा पाणसळीने सपाट केला होता, आज पाया थेट जमिनीवर टेकवला.

जयपूरचं माप दुपारी व्हॉट्सॲपवर आलं. तिथला मध्यान्ह १२:२३ चा काढून दिला होता, त्याच्या दहा मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत दर दोन मिनिटांनी खूण करायची आणि सर्वांत लहान अंतर घ्यायचं. उतरण्याच्या ठिकाणच्या अंगणात ४० सेंमी उंचीवरून ४८.४ सेंमी. इथे तीच रीत, ३४.८ सेंमी.

सातारा: ४० भागिले ३४.८, सूर्याची उंची ४८.९८°
जयपूर: ४० भागिले ४८.४, सूर्याची उंची ३९.५७°
फरक ९.४१°, म्हणजे पृथ्वीच्या ३६० अंशांच्या वर्तुळातला दोन ठिकाणांमधला भाग

नकाशावरून उत्तर-दक्षिण अंतर १०२५ किमी. रेल्वेचं अंतर घ्यायचं नाही, आणि तिरकी सरळ रेषाही नाही. फक्त अक्षांशांतला फरक. ३६० भागिले ९.४१ गुणिले १०२५ = सुमारे ३९,२०० किमी. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी आहे. चूक दोन टक्के.

ही चूक कुठली ते सांगता येतं. अक्षांशांवरून जयपूरची सावली ४८.२ यायला हवी, म्हणजे २ मिमी जास्त मोजली गेली. १ मिमीने उंचीत ०.०६ अंश आणि परिघात सुमारे अडीचशे किमीचा फरक पडतो. अंगणाची फरशी तपासायला पाणसळ सोबत दिली नव्हती. एका बशीत पाणी घेऊनही ते झालं असतं. पुढच्या वेळी पिशवीत छोटी पाणसळ जाईल.

शुक्रवार, १९ डिसेंबर: दुरुस्ती

दोन्ही चुका एकाच पाचरीने निघाल्या. गच्चीवरच ओळंबा सोडला, दोरीवर ५० सेंमी खाली आडवं अंतर १७.८ भरलं. पाया उत्तर-दक्षिण ३० सेंमी आहे, म्हणून दक्षिण कडेखाली १ सेंमीची पाचर. अंतर १६.० झालं. पूर्व-पश्चिम पाणसळ पुन्हा तपासली, कारण पाचर सरकवताना पाया थोडा फिरतो.

आजचं वेलांतर ३ मिनिटं. सकाळी १० ला १०:०३, दुपारी साडेबाराला १२:३३, तीनला ३:०३.५. अर्ध्या मिनिटाच्या आत, म्हणजे डोळ्याची मर्यादा आली. याहून घासत बसण्यात अर्थ नाही.

उत्तरेचं तोंड आखलं. त्याचा उपयोग २१ मार्चपासून. बाजूला वेलांतराचं कोष्टक काळ्या रंगाने लिहिलं. घडीच्या वाचनात इतकी मिनिटं मिळवायची किंवा वजा करायची:

१ जानेवारी +३, १५ जानेवारी +९, ११ फेब्रुवारी +१४, १ मार्च +१२, १५ मार्च +९, १ एप्रिल +४, १५ एप्रिल ०, १४ मे −४, १३ जून ०, १ जुलै +४, २६ जुलै +६, १ सप्टेंबर ०, १५ सप्टेंबर −५, १ ऑक्टोबर −१०, १५ ऑक्टोबर −१४, ३ नोव्हेंबर −१६, १ डिसेंबर −११, १५ डिसेंबर −५, २५ डिसेंबर ०.

मधल्या तारखांना प्रमाणात घ्यायचं. हे कोष्टक नसलं तर नोव्हेंबरात कोणीही येऊन म्हणेल की घडी पाव तास चुकते.

शनिवार, २० डिसेंबर: अर्धा दिवस

मध्यान्ह १२:३१ ते १२:३२ च्या दरम्यान. सोमवारी १२:२९ होता. पाच दिवसांत अडीच मिनिटं, वेलांतर रोज अर्ध्या मिनिटाने बदलतं ते असं दिसतं. याचमुळे उद्याच्या सर्वांत लहान दिवसापर्यंत दिवस आखडत असतानाही साताऱ्यात सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच उशिरा होऊ लागलेला असतो. कवडसा आज ३४.९ सेंमीवर, आठवड्यात फक्त २ मिमी लांबला.

प्लायच्या कडांना वॉर्निश, पायाला चार अँकर बोल्ट. बोल्ट आवळताना पाचर दबते, म्हणून प्रत्येक बोल्टनंतर ओळंबा लावून १६ सेंमी पाहिले. काट्याची टोकं उघडी ठेवायची नाहीत, डोळ्यांच्या उंचीवर येतात. त्यांवर लाकडी मणी बसवले.

सोमवारी परत येणाऱ्या वर्गासाठी शिल्लक काम: २० मार्चच्या आणि सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या मागेपुढे काही दिवस ऊन तबकडीच्या पातळीतूनच येतं आणि दोन्ही तोंडं कोरडी राहतात. त्यासाठी वर्तुळाच्या खालच्या अर्ध्या भागाला २ सेंमी उंचीची ॲल्युमिनियमची पट्टी उभी लावायची आणि तासरेषा तिच्यावर चढवायच्या. पट्टी मार्चच्या पहिल्या आठवड्याआधी बसायला हवी. जयपूरच्या नाडीवलयाचे दोन्ही बाजूंचे फोटो सहलीच्या गटाकडून घेऊन वहीत चिकटवायचे आहेत, पान ३४ रिकामं ठेवलं आहे.